गुण वाढले, पण कूस कोणी बदलली?

पेटची तयारी करणाऱ्या आणि विषय शोधत असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आज थोडं कडक लिहितो आहे. हाडं-सांधे आणि मेंदू-मज्जारज्जूच्या रुग्णांची शुश्रूषा या विषयावर आपल्याकडे एकाच साच्यातले प्रबंध पुन्हा पुन्हा होतात. शीर्षक साधारण असं: 'अमुक रुग्णांच्या शुश्रूषेबाबत परिचारिकांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता'. कधी लकवा असतो, कधी मणक्याची इजा, कधी प्लास्टरमधला पाय. बाकी सगळं तेच.

साचा काय आहे?

समजा ६० परिचारिका घेतल्या. पूर्वचाचणी झाली, पाऊण तास व्याख्यान झालं आणि सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका परत दिली. गुण वाढतात, टी मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक येतं, शून्य परिकल्पना नाकारली जाते. निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक.

यातला तांत्रिक दोष जुनाच आहे. नियंत्रण गट नसलेल्या एकगट रचनेत बदलाची इतर कारणं वगळता येत नाहीत, हे कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं. तोच पेपर दुसऱ्यांदा सोडवला, एवढ्यानेही गुण वाढू शकतात.

माझा मोठा आक्षेप मात्र आश्रयी चलावर आहे. आपण गुण मोजतो. पेशंटच्या माकडहाडाजवळची कातडी शाबूत राहिली का, हे मोजतच नाही.

अडचण ज्ञानाची आहे का?

न हलणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे कोणत्या सिस्टरला माहीत नसतं? आता साधा हिशेब करू. समजा रात्रपाळी १२ तासांची आहे आणि वॉर्डात असे ५ पेशंट आहेत. प्रत्येकाला ६ वेळा वळवायचं, म्हणजे ३० वेळा. दर वेळी निदान दोन माणसं हवीत. मानेच्या मणक्याला इजा असेल तर एकाने डोकं-मान धरायची आणि बाकीच्यांनी अंग एका रेषेत वळवायचं, म्हणजे चार माणसं. रात्री दोन वाजता हे चार हात नाही, आठ हात कुठून आणायचे? हे हात व्याख्यानाने वाढत नाहीत.

सरकारी वॉर्डात प्रत्यक्षात कूस बदलतो तो पेशंटजवळ बसलेला भाऊ, नाहीतर बायको. प्रबंधाच्या न्यादर्शात मात्र त्यांचं नावच नसतं.

शिकवलं की सुधारतं, असंच नाही

'मग नातेवाइकांना शिकवू' असं तुम्ही म्हणाल. चांगला विचार आहे, आणि भारतात तो मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. अटेंड नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतले १,२५० पक्षाघाताचे रुग्ण होते. एका गटाच्या घरच्यांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के निघालं. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. यावरून शिकवणं वाया जातं असं म्हणता येत नाही. पण घरच्यांची फक्त लेखी परीक्षा घेतली असती, तर हाच कार्यक्रम कदाचित 'परिणामकारक' ठरला असता. त्यांनी पेशंटकडे पाहिलं, म्हणून खरं काय ते कळलं.

आपल्या भागाचं काय?

लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्याला हा विषय पुस्तकातून उचलायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १०,००० माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला मोडलेली हाडं आली. त्यांच्यापैकी जे अंथरुणाला खिळले, त्यांची शुश्रूषा घरात कोणी केली, किती वर्षं केली? असा प्रबंध मला वाचायचा आहे. आपली पार्श्वभूमीची प्रकरणं मात्र जागतिक आकडेवारीने सुरू होतात आणि औसा तालुक्यापर्यंत पोचतच नाहीत.

मग करायचं काय?

एम.एस्सी.ला वेळ कमी असतो, परवानग्या अवघड असतात, हे मान्य. पीएच.डी.ला ती सबब चालणार नाही. एक रचना सुचवतो. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातुरात, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. आधी दोन्हीकडे तीन महिने नुसती नोंद करा: भरती होताना बेडसोर होता का, नंतर नवा झाला का, कितव्या पायरीचा. भरतीच्या वेळची नोंद सोडू नका, कारण तालुक्याहून येणाऱ्या पेशंटला तो आधीच असू शकतो. मग नातेवाइकांसह कूस बदलण्याचं वेळापत्रक नांदेडला सुरू करा आणि लातूरला तीन महिन्यांनी. नेहमीच्या सेवेतलं काहीही कोणाचं काढून घ्यायचं नाही, आणि तुलनेलाही गट मिळतो. नीतिमत्ता समितीला हे पटवून देता येतं.

यात निकाल सार्थक येईलच याची खात्री नाही. गाईड कदाचित म्हणतील, 'सोपं काहीतरी घे.' तेव्हा आपल्या सिनॉप्सिसमधला आश्रयी चल एकदा मोठ्याने वाचा आणि स्वतःला विचारा: हा चल पेशंटची चादर बाजूला करून तपासता येतो का? येत नसेल, तर सिनॉप्सिस जमा करण्याआधी तो बदला.