नामुष्की कुणाची?

मराठीत लाजेचे शब्द भरपूर आहेत. लाज, शरम, फजिती, अपमान, बदनामी, बेअब्रू, नामुष्की. यांतले लाज आणि अपमान सोडले तर बाकीचे सगळे फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. म्हणूनच मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाने तरी ते तोलून वापरावेत अशी अपेक्षा केली, तर ती गैर ठरू नये. आपल्या कथा-कादंबऱ्यांत सर्वाधिक ढिलाईने वापरला जाणारा शब्द आहे नामुष्की.

हे शब्द जवळचे असले तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. लाज मनातल्या मनातही वाटते. फजितीत थोडे हसू असते. अपमान दुसरा करतो. बदनामीही दुसराच करतो आणि ती निखालस खोटी असू शकते. नामुष्की मात्र कुणी करत नाही. ‘त्याने माझी नामुष्की केली’ हे वाक्य कानाला खटकते. नामुष्की येते, ओढवते, पत्करावी लागते. तिला दोन गोष्टी लागतात : ज्याच्यावर ती येते त्याचे काही स्थान असावे लागते, आणि त्या स्थानाला न शोभणारी वेळ त्याच्याच करणीने किंवा उणिवेने चारचौघांत यावी लागते. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडच्या कसोटीत भारतीय संघ 36 धावांत गारद झाला. ‘संघावर नामुष्की ओढवली’ हे वाक्य तिथे चपखल बसते. त्याच संघाने जानेवारी 2021 मध्ये ती मालिका 2-1 अशी जिंकली, तेव्हा नामुष्की धुऊन निघाली.

आता दुसरे वाक्य पाहा. ‘पावसाने पीक गेल्याने शेतकऱ्यावर कर्ज काढण्याची नामुष्की आली.’ इथे शेतकऱ्याची चूक कोणती? ही आपत्ती आहे. ‘पाळी आली’ किंवा ‘वेळ आली’ एवढेच म्हणणे खरे. चुकीच्या शब्दाने आपण संकटात सापडलेल्या माणसालाच दोषी ठरवतो.

हीच चूक आपल्या कथांत अधिक महाग पडते. ‘तलाक मिळाल्यामुळे तिच्यावर माहेरी परतण्याची नामुष्की आली’ या धाटणीचे वाक्य आपल्या अनेक कथांत भेटते. लेखकाची सहानुभूती तिच्याकडे असते, यात शंका नाही. पण वाक्य तिच्या विरोधात साक्ष देते. घराबाहेर काढणारा तो. परतावे लागणारी ती. आणि नामुष्की तिची! ‘अब्रू लुटली’ या शब्दप्रयोगातही असाच उलटा न्याय आहे. गुन्हा करणाऱ्याची अब्रू शाबूत राहते, आणि जिच्यावर गुन्हा झाला तिची जाते.

यावर कुणी म्हणेल, समाज तसाच बोलतो. वास्तव लिहायचे तर हाच शब्द हवा. हा आक्षेप अर्धा खरा आहे. सासूच्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसांच्या तोंडी तो शब्द जरूर यावा. त्यातून ती माणसे उघडी पडतात. पण निवेदनात येतो तेव्हा तो समाजाचा राहत नाही, लेखकाचा निवाडा होतो.

शाहबानो प्रकरण आठवावे. 1978 मध्ये 62 वर्षांच्या या बाईंनी इंदूरच्या न्यायालयात पोटगी मागितली. पती वकील. मंजूर झाले महिन्याला 25 रुपये. उच्च न्यायालयाने ते 179 रुपये 20 पैसे केले, आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ‘शाहबानोंवर कोर्टाची पायरी चढण्याची नामुष्की आली’ असे लिहिणे भाषेच्या दृष्टीनेही चूक आहे. त्यांच्यावर पाळी आली. नामुष्की आली असेल तर ती, चार दशकांच्या संसारानंतर पत्नीला वाऱ्यावर सोडणाऱ्या वकिलावर.

या शब्दाचा प्रवासही बोलका आहे. ग्रीक ‘नोमोस’ म्हणजे कायदा. त्यावरून अरबी ‘नामूस’. पहिल्या वहीच्या हदीसमध्ये वरका बिन नौफल हजरत जिब्रील यांना ‘नामूस’ म्हणतात. तिथे बाईच्या अब्रूचा संबंधच नाही. पुढे फारसी-उर्दूत नामूस म्हणजे प्रतिष्ठा झाली, आणि घरातल्या स्त्रियांनाही तोच शब्द लागू झाला. कायद्याचा शब्द असा जनानखान्यात कोंडला गेला. मराठीने मात्र ‘नामुष्की’ला मोकळे ठेवले. मराठीत ती सरकारवर येते, संघावर येते, पुढाऱ्यावर येते. हा मोकळेपणा आपण का गमवावा?

लिहिताना एकच प्रश्न विचारावा : ही वेळ कुणाच्या करणीने आली? उत्तर ज्याच्याकडे बोट दाखवील, नामुष्की त्याच्याच नावापुढे लिहावी.