ऋण काढून गणित

सातवीतल्या नातीला गृहपाठ मिळाला : ‘पूर्णांक संख्यांवर पाच शाब्दिक उदाहरणे स्वतः तयार करा.’ ‘स्वतः’ या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ ‘आजोबांकडून’ असा आहे.

नमुन्यासाठी मी तिचे गाईड उघडले. पहिल्याच उदाहरणात समुद्रसपाटीखाली १२० मीटरवर पाणबुडी आणि नेमके तिच्या डोक्यावर, ३०० मीटर उंचीवर विमान. अंतर किती?

“चारशे वीस,” नात म्हणाली.

“आणि ते ऋण चिन्ह कुठं गेलं?”

“त्याची गरजच पडली नाही, आजोबा.”

खरेच की! उत्तरानेच उदाहरणाचा स्वभाव सांगून टाकला. पुढे लेहचे तापमान आणि तळघरात उतरणारी लिफ्ट. आमची इमारत तीन मजली, लिफ्टशिवायची. सगळा नुसता वर-खालीचा कारभार. त्या उणे चिन्हाने उदाहरणातल्या एकाही माणसाची झोप उडत नाही, ही माझी तक्रार.

वास्तविक ऋण म्हणजे कर्ज! ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन-ऋणाचे नियम मांडले ते याच शब्दांत. भास्कराचार्य तर पुढचे. ‘बीजगणिता’तले त्यांचे उदाहरण असे : कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून उरतील त्यांच्या वर्गाइतकी माकडे गुहेत शिरली, एक झाडावर दिसते, तर एकूण किती? उत्तरे दोन, ५० आणि ५. पाच घेतली तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेली, राहिली उणे दोन माकडे. आणि त्यांचा वर्ग होऊन चार गुहेत! आकडा अगदी जुळतो. पण असल्या उणे वस्तूंवर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणून आचार्यांनी पाच नाकारले. गाईडवाल्यांनी माकडांची एवढी तरी चौकशी करावी.

मग मी माझे उदाहरण सांगितले. वाण्याच्या वहीत आमच्या नावावर तीन-तीन रुपयांच्या चार उधाऱ्या होत्या. वडील आजारी पडले तेव्हा त्याने न बोलता चारही खोडल्या. आम्ही कितीने श्रीमंत झालो?

“उणे चार गुणिले उणे तीन... बारा!” नात ओरडली. ऋण ऋण धन कसे होते ते तिला पहिल्यांदाच दिसले असावे.

“झालो नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या पणजीनं दुकानात उभं राहून चारही परत लिहायला लावल्या.”

ती पेन्सिल चावत बसली. “म्हणजे फरक शून्य आणि खातं उणे बारा?”

“दिवाळीपर्यंत.”

वही तपासून आली. उदाहरणाशेजारी लाल शाईत शेरा होता : ‘तापमानाचे घ्यावे.’