साठ यार्डांच्या आतलं यंत्र

रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, खोक्यावर सगळ्यात ठसठशीत छापलेला आकडा धनुर्धाऱ्याच्या फारसा कामाचा नसतो. १२०० यार्ड, २००० यार्ड. हा पल्ला प्रकाश परतवणाऱ्या चकचकीत पाटीवरचा. हरणाच्या केसाळ, मळकट अंगावर तो बराच आटतो. आणि अमेरिकेत धनुष्यानं व्हाइटटेल हरणाची शिकार करणारा माणूस बाण सोडतो तो बहुधा २०-३० यार्डांवरून. ४० म्हणजे डोक्यावरून पाणी. (यार्ड म्हणजे आपला वारच, जेमतेम ९१ सेंटिमीटर.) तेव्हा या यंत्राची पारख करायची तर ती ६० यार्डांच्या आत करावी. तिथे ते किती नेमकं बोलतं आणि कुठे फसतं, यातच त्याची सगळी गंमत आहे.

हिशेब साधा आहे. आजचं कंपाउंड धनुष्य सेकंदाला २८० फुटांच्या आसपास बाण फेकतं. ३० यार्ड कापायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात तो अर्धा मीटर खाली येतो. म्हणून नेम धरायला धनुष्याच्या साइटवर २०, ३०, ४० यार्डांच्या वेगवेगळ्या पिना असतात. हरीण ३५ वर उभं असताना ३० ची पिन धरली, तर बाण सुमारे १० सेंटिमीटर खाली बसतो. हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग मिळून वर्तुळ होतं २०-२५ सेंटिमीटरचं. म्हणजे पाच यार्ड चुकले की मधोमध जाणारा बाण कडेला गेला. जुन्या पद्धतीच्या, सेकंदाला १८० फूट बाण फेकणाऱ्या धनुष्यावर तीच चूक २४ सेंटिमीटरांची होते आणि जनावर जखमी होऊन रानात नाहीसं होतं. बंदूकवाल्याला ३० काय नि ३५ काय, सारखंच.

बटण दाबलं की अवरक्त लेसरचा ठोका जातो, आपटतो, परत येतो. ३० यार्डांची ही जा-ये १८३ नॅनोसेकंदांत उरकते. एक यार्ड इकडे-तिकडे म्हणजे सहा नॅनोसेकंद. एवढं मोजणारं घड्याळ तळहातावर मावतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पण ठोका आपटला कशावर, हे घड्याळाला कळत नाही. हरणाआधी गवताची काडी आली तर काडीचं अंतर येतं. इथे स्वभावाचा प्रश्न येतो. गोल्फवाल्याला जवळचं निशाण हवं असतं, मागची झाडी नको; शिकाऱ्याला नेमकं उलटं, पुढची झुडपं सोडून मागचं जनावर. बुशनेल कंपनीनं या दोन स्वभावांना बुल्सआय आणि ब्रश अशी नावं देऊन ठेवली आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, त्यामुळे हे यंत्र आपल्या ओळखीचं झालं ते गोल्फच्या हिरवळीवरच. ते गोल्फचं यंत्र तसंच उचलून झाडीत नेलं, तर ते दर वेळी पुढच्या फांदीचीच खबर देत बसेल.

उतारावरच्या नेमाचं कौतुक जाहिरातींत फार असतं. बाणाचं पडणं आडव्या अंतरावर ठरतं, म्हणून यंत्र कोन मोजून आकडा कमी करून देतं. डोंगरात हे खरंच हवं: ४० अंशांच्या उतारावर ५० यार्डांवर दिसणारं एल्क हरीण बाणाच्या हिशेबानं ३८ वर असतं. पण २० फुटांच्या मचाणावरून २० यार्डांवरचं हरीण? फरक जेमतेम एका यार्डाचा. सपाट रानात बसणाऱ्यानं याच्यासाठी खिसा हलका करू नये.

पैसे द्यावेत ते आकड्याच्या रंगासाठी. बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला मुभा असते आणि हरणं नेमकी त्या दोन कडांना बाहेर पडतात. काळे आकडे दाखवणारा एलसीडी पडदा भर दुपारी सुरेख. सांजावलं की तपकिरी अंगावरचा काळा आकडा अंगातच विरघळतो. लाल ओएलईडी आकडा तिथे निखाऱ्यासारखा उठून दिसतो. मात्र त्याची धग कमी करता यायला हवी, नाहीतर अंधाराला सरावलेला डोळा दिपतो आणि पिन दिसेनाशी होते.

मला सगळ्यात भावलेली करामत मात्र ल्यूपोल्डच्या फुलड्रॉ ४ मधली. आपल्या बाणाचा वेग, वजन आणि डोळ्यासमोरच्या पीप साइटची उंची त्याला आधी सांगून ठेवायची. मग ते अंतराबरोबर बाणाच्या वाटेचा सगळ्यात उंच बिंदूही काचेत दाखवतं. नजर सरळ जाते, बाण कमानीतून जातो. ४० यार्डांवरच्या हरणाकडे जाताना तो वाटेत नजरेच्या रेषेपासून जवळजवळ वीतभर वर चढलेला असतो. हरीण अगदी मोकळं दिसतं, मध्ये पानसुद्धा नाही, आणि बाण मात्र वरच्या डहाळीला अडखळून भलतीकडे जातो. उलटही घडतं: फांदी बरोबर हरणाच्या छातीवर आडवी दिसते, पण बाण तिच्यावरून निघून जाणार असतो. सोडावा की थांबावं, याचा निवाडा त्या एका खुणेवर होतो. बाकीची बहुतेक यंत्रं फक्त लांबी सांगतात. हे वाट दाखवतं.

तरीही मुरलेला शिकारी हरीण समोर आल्यावर सहसा यंत्र उचलत नाही. २० यार्डांवर हात डोळ्याशी नेला की शेपटीचं पांढरं निशाण वर आणि खेळ खलास. मचाणावर बसल्या बसल्या तो समोरचा ओक, पडलेलं खोड, ओढ्याचा काठ मोजून घेतो आणि यंत्र खिशात टाकतो. पुढे हरीण त्या ओकाशी आलं की आकडा पाठच असतो. सावध हरणापुढे तोही पुरत नाही. प्रत्यंचेचा आवाज ३० यार्डांवर बाणाच्या पाव सेकंद आधी पोचतो आणि हरीण तेवढ्यात उडीसाठी पाय दुमडून खाली बसतं.

हाताची हालचाल वाचवायला गार्मिननं २०१८ मध्ये झीरो ए१ काढलं. ते धनुष्यावरच बसतं, दोरी ताणलेली असतानाच अंतर मोजतं आणि तेवढ्याच अंतराची पिन उजळतं. अक्कल दांडगी आहे. पण धनुष्याला विजेचं उपकरण जोडायला काही पश्चिमी राज्यांनी हरकत घेतली, आणि धनुर्धारी शिकाऱ्यांच्या, १९६१ पासून चालत आलेल्या पोप अँड यंग क्लबनंही आपल्या विक्रमवहीची दारं अशा साइटना बंद ठेवली. मीही हातातलंच घेईन: सहापट भिंग, मंद करता येणारे लाल आकडे, झुडपापलीकडे पाहायची सोय आणि टिक न वाजणारं बटण. ते एकाच हातानं दाबता यावं, कारण दुसऱ्यात धनुष्य असतं.

दुकानदार दुपारी दारात उभं करून समोरच्या इमारतीवर नेम धरायला सांगेल. तिथे सगळीच यंत्रं शहाणी. त्याला म्हणावं, संध्याकाळी येतो. दिवेलागणीला दुकानामागच्या झुडपांपाशी जावं, पलीकडच्या काळपट खोडावर पाच-सहा वेळा बटण दाबावं. आकडा दर वेळी तोच आला आणि डोळे बारीक न करता वाचता आला, तर पाकीट काढावं.