०.०० म्हणजे नेमकं काय मोजलं?

२८ जुलै २०२५, बातुमी. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीशी पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी नागपूरची दिव्या देशमुख जिंकली. अशा अटीतटीच्या डावात प्रोग्रॅम ‘०.००’ दाखवतो आणि थोड्या वेळाने कुणीतरी हरतं. मग आकडा चुकला का?

तसं नाही. दोघं अचूक खेळले तर काय होईल, हा एक प्रश्न. घड्याळ पळत असताना माणसं खेळली तर काय होईल, हा दुसरा. ०.०० हे पहिल्याचं उत्तर आहे, तेही अंदाजाने.

हा अंदाज तपासायची रूढ पद्धत अशी: तीच स्थिती जास्त ताकदवान प्रोग्रॅमला द्यायची आणि दोन आकड्यांतल्या फरकाला ‘चूक’ म्हणायचं. माझा आक्षेप इथेच आहे. मालवणच्या बाजारात एका विक्रेत्याने आपलं वजन शेजारच्याच्या वजनाशी ताडून दाखवलं, तर कोण मानेल? वैधमापनाचा शिक्का लागतो. (मासे वाट्यावर घेतले तर प्रश्नच मिटला!)

२००६ साली मातेय गिद आणि इव्हान ब्रात्को यांनी क्राफ्टी या प्रोग्रॅमला पंच करून जगज्जेत्यांच्या चाली तपासल्या. कापाब्लांका सर्वांत कमी चुकणारा ठरला. निबंध जरूर वाचा, पण तिथे मोजलंय ते क्राफ्टीशी असलेलं साम्य.

बुद्धिबळात शिक्का आहे, फक्त छोट्या जागेत. राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरी उरली, की सिझिजी कोष्टकांत निकाल पूर्ण गणिताने काढून ठेवलेला असतो. प्रोग्रॅमला कोष्टक न देता त्या स्थिती द्या आणि उत्तरं जुळवा. कडेचं प्यादं आणि चुकीच्या रंगाचा उंट असेल, तर मोहरी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटू शकतो; नुसती मोहरी मोजणारा प्रोग्रॅम तिथे उघडा पडतो.

आणि एकक बघा. स्टॉकफिश १५.१ पासून +१.०० म्हणजे स्वतःसारख्याच प्रोग्रॅमविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे माणसांच्या डावांचे निकाल घेऊन हा आकडा खोटा ठरवता येत नाही.

चाचणीसंच निवडतानाही सावध राहा. सुरुवातीच्या स्थितीपासून बलाढ्य प्रोग्रॅम खेळवले, तर डाव बहुतेक बरोबरीतच सुटतात. म्हणून त्यांच्या स्पर्धांत मुद्दाम एकतर्फी सुरुवाती लादतात. संचात नव्वद टक्के स्थिती बरोबरीच्या असतील, तर काहीही न बघता ‘०.००’ छापणारा दोन ओळींचा प्रोग्रॅमही शंभरपैकी नव्वद गुण घेऊन जाईल.