जेएसपीमधील चलांची व्याप्ती आणि बीन टॅग : एक चिकित्सा

प्रस्तावना

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये प्रसृत केलेले जावा सर्व्हर पेजेस अर्थात जेएसपी हे तंत्र आज जकार्ता ईई या प्रणालीचा भाग आहे. पेज, रिक्वेस्ट, सेशन आणि ॲप्लिकेशन या त्यातील चार व्याप्ती विद्यार्थी सहज पाठ करतात. मात्र या यादीने चलाचे दृश्यत्व, आयुष्य आणि सामायिकता या तीन भिन्न बाबी एकाच शब्दात कोंबल्या जातात आणि बीन टॅगची रचना हा संभ्रम अधिकच झाकून टाकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चलाची जागा

१९९० मध्ये स्थापन झालेल्या व २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार असे आहे. या जिल्ह्यांतील विद्यार्थी निकालाच्या एका काल्पनिक पृष्ठावर एकाच वेळी बैठक क्रमांक भरत आहेत, असे समजू.

जेएसपी पृष्ठाचे रूपांतर प्रथम सर्व्हलेट वर्गात होते. स्क्रिप्टलेटमधील चल सेवा-पद्धतीच्या आत जाते व प्रत्येक विनंतीस नव्याने निर्माण होते. डिक्लरेशन टॅगमधील चल मात्र वर्गाचे सदस्य बनते. सामान्यतः त्या वर्गाची एकच वस्तू सर्व विनंत्यांना वेगवेगळ्या थ्रेडद्वारे सेवा देते. बैठक क्रमांक अशा चलात ठेवल्यास जळगावच्या विद्यार्थ्याचे गुण वाचले जाण्यापूर्वीच धुळ्याच्या विद्यार्थ्याचा क्रमांक त्यावर लिहिला जाऊ शकतो आणि एकाचे गुण दुसऱ्यास दिसू शकतात. प्रयोगशाळेत एकाच संगणकावर तपासणी करताना हा दोष सहसा प्रकटच होत नाही. विशेष म्हणजे हे चल उपरोक्त चार व्याप्तींपैकी कोणत्याही व्याप्तीत बसत नाही.

बीन टॅगचे मौन

यूजबीन टॅग दिलेल्या व्याप्तीत दिलेल्या नावाचे बीन शोधतो. ते न सापडल्यास व क्लास नमूद असल्यास नवे निर्माण करतो. व्याप्ती न लिहिल्यास ती पेज मानली जाते. सर्व्हलेटने गुणांचे बीन रिक्वेस्टमध्ये ठेवले आणि पृष्ठलेखक व्याप्ती लिहावयास विसरला, तर त्यास कोरे बीन मिळते. उत्तीर्ण विद्यार्थ्यासमोर शून्य गुण उमटतात, परंतु त्रुटीचा संदेश येत नाही. याउलट क्लासऐवजी केवळ टाइप लिहिल्यास बीन नसताना आज्ञावली तत्काळ थांबते. म्हणून केवळ माहिती दाखविणाऱ्या पृष्ठावर हाच पर्याय इष्ट होय.

सेटप्रॉपर्टी टॅगमधील तारांकनाची सोयही निर्धोक नाही. अर्जातील रकाना वापरकर्त्याने कोरा केल्यास तो गुणधर्म बदलत नाही. त्यामुळे सेशनमधील बीनमध्ये जुनेच मूल्य राहते. शिवाय, विनंतीतील ज्या प्राचलाचे नाव बीनच्या बदलता येणाऱ्या गुणधर्माशी जुळते, ते अर्जात दाखविलेले नसले तरी स्वीकारले जाते. शुल्कमाफीच्या अर्जाच्या बीनमध्ये ‘मंजूर’ असा गुणधर्म असल्यास अर्जदार स्वतःच तो भरून पाठवू शकेल. सेशनचा ‘एका वापरकर्त्याचे’ असा अर्थ लावणेही अपुरे आहे. एकाच ब्राउझरच्या दोन खिडक्या सामान्यतः एकच सेशन वापरतात. सायबर कॅफेतील विद्यार्थी बाहेर पडताना लॉगआउट विसरला, तर पुढील विद्यार्थ्यास तेच सेशन मिळू शकते.

पृष्ठरचनाकारास जावाच्या तपशिलातून मुक्त करणे हा या टॅगांचा हेतू रास्त होता, हे मान्य केले पाहिजे. २००३ मधील जेएसपी २.० ने समाविष्ट केलेल्या एक्स्प्रेशन लँग्वेजने लेखन अधिक सुटसुटीत केले. तथापि ती पेज, रिक्वेस्ट, सेशन, ॲप्लिकेशन या क्रमाने नाव शोधते. समान नावाची दोन बीन्स असल्यास अलीकडचे बीन पलीकडच्यास झाकते. काहीच न सापडल्यास जागा रिकामी राहते. म्हणजे सोय वाढली, मौन मात्र कायम राहिले.

निष्कर्ष

व्याप्ती शिकविताना व्याख्येआधी तीन प्रश्न विचारले जावेत : हे मूल्य कोणास दिसते? ते किती काळ टिकते? एकाच वेळी ते किती जण बदलू शकतात? प्रात्यक्षिकात पृष्ठामध्ये मुद्दाम काही सेकंदांचा विलंब घालून दोन संगणकांवरून भिन्न क्रमांक पाठवावेत. गुणांची सरमिसळ विद्यार्थ्यास प्रत्यक्ष दिसेल. परीक्षेतही ‘चार व्याप्ती स्पष्ट करा’ याऐवजी सदोष पृष्ठ देऊन दोष कोठे आहे, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल. आज वर्गात बसलेला विद्यार्थी उद्या कोणाच्या तरी निकालाचे, वेतनाचे वा शिष्यवृत्तीचे पृष्ठ लिहिणार आहे. त्याच्या पाठांतरातील उणिवेची किंमत त्या अपरिचित माणसास मोजावी लागते.