शाळामास्तराने लिहिलेला वैद्यकशिक्षणाचा अहवाल

डॉक्टर कसे घडवावेत याविषयी विसाव्या शतकात ज्या अहवालाचा सर्वाधिक परिणाम झाला, तो एका शाळामास्तराने लिहिला होता. अब्राहम फ्लेक्सनर हे त्यांचे नाव. अमेरिकेतील लुईव्हिल येथे ते शिक्षक होते. १८९० साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. लहान वर्ग, परीक्षा नाहीत, गुणपत्रके नाहीत, अशी ती शाळा होती. कार्नेगी प्रतिष्ठानाने वैद्यकीय शाळांची पाहणी त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा आपण वैद्यकीय शाळेत कधी पाऊलही ठेवलेले नाही असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. तरीही त्यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ शाळा पाहिल्या आणि १९१० साली अहवाल प्रसिद्ध केला.

शिक्षकांच्या मासिकात या अहवालाचा विचार करण्याचे कारण एवढेच नाही. शिक्षकाचे काम नेमके कोणते, आणि अभ्यासक्रम घडवण्यात त्याचा वाटा किती, हा प्रश्न या अहवालाच्या मुळाशी आहे. त्याचे अर्धे उत्तर अहवालाने फार चांगले दिले. उरलेल्या अर्ध्या उत्तराची किंमत आपण अजून मोजतो आहोत, असे आम्हांस वाटते.

आधी चांगली बाजू पाहू. त्या काळी बऱ्याच वैद्यकीय शाळा म्हणजे गावातल्या डॉक्टरांनी चालवलेले धंदे होते. विद्यार्थ्यांची फी शिक्षक आपसांत वाटून घेत. शिकवणे म्हणजे व्याख्यान. प्रयोगशाळा माहितीपत्रकात असे, इमारतीत नसे. आत्मचरित्रात फ्लेक्सनर यांनी एक प्रसंग दिला आहे. आयोवा राज्यातील एका शाळेत खोल्यांच्या दारांवर शरीररचना, शरीरक्रिया अशा पाट्या होत्या, पण सर्व दारांना कुलपे. किल्ल्या असलेला माणूस सापडेना. पाहुणे समाधान दाखवून स्टेशनकडे निघाले, थोड्या वेळाने एकटेच परतले आणि रखवालदाराच्या हातावर पैसे ठेवून त्यांनी दारे उघडून घेतली. प्रत्येक खोलीत तेच सामान होते : टेबल, छोटा फळा आणि खुर्च्या. तपासणीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटांवरची धूळ झटकली जाते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रसंगाचे स्पष्टीकरण नको.

फ्लेक्सनर यांनी प्रत्येक शाळेला पाच गोष्टी विचारल्या : प्रवेशाची पात्रता काय? शिक्षक किती व कोणत्या तयारीचे? पैसा कोठून येतो? प्रयोगशाळा कशा आहेत व तेथे कोण शिकवतो? आणि रुग्णालयाशी संबंध कितपत आहे? विद्यार्थ्याने ऐकत बसू नये, स्वतः करून शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. पहिली दोन वर्षे प्रयोगशाळेत, पुढची दोन रुग्णालयात, ही मांडणी त्यांनी उचलून धरली. १५५ पैकी केवळ ३१ शाळा ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले. शाळा कमी होण्यास आधीच सुरुवात झाली होती, अहवालाने तिला वेग आला.

या झाडाझडतीत अन्यायही झाला. कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी फक्त दोन टिकवण्यायोग्य ठरल्या आणि उरलेल्या पाच बंद पडल्या. कृष्णवर्णीय डॉक्टर मुख्यतः आपल्याच लोकांच्या आरोग्यासाठी, या अहवालातील भूमिकेचे समर्थन करता येत नाही. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२० साली आपल्या एका पुरस्कारातून फ्लेक्सनर यांचे नाव काढले, ते याच कारणाने.

आमचा मुख्य आक्षेप मात्र शिक्षकाच्या कल्पनेवर आहे. फ्लेक्सनर यांच्या मते चांगला शिक्षक म्हणजे संशोधन करणारा शिक्षक. यामागचा तर्क चुकीचा नाही. जो स्वतः शोध घेत नाही तो विद्यार्थ्यात शोधक वृत्ती कशी जागवणार? पुढे हा तर्क व्यवहारात उतरला. १९१३ साली रॉकफेलर यांच्या शिक्षण मंडळाने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला पंधरा लाख डॉलर दिले, ते रुग्णालयीन विषयांना पूर्णवेळ पगारी प्राध्यापक नेमण्यासाठी. खाजगी व्यवसाय बंद, वेळ विद्यापीठाला. नामवंत वैद्य विल्यम ऑस्लर यांनी याला आधीच विरोध केला होता. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही संशोधनाच्या मोहात पडतील आणि रुग्णालयाचे मूळ काम विसरतील, ही त्यांची भीती होती.

ती बऱ्याच अंशी खरी ठरली. शोधनिबंध मोजता येतात, शिकवणे मोजणे अवघड. मग पगार आणि पदोन्नती जे मोजता येते त्याच्या मागे जातात. आम्ही संशोधक आहोत, म्हणून हे परक्याचे दोष काढणे नव्हे. पहिल्या वर्षाचे तास कनिष्ठ सहकाऱ्यावर ढकलून निबंध पुरा करण्याचे काम आम्हीही केले आहे आणि त्याबद्दल आम्हांस कोणी जाब विचारला नाही. निबंध राहिला असता, तर विचारला असता.

याचा अभ्यासक्रमावर काय परिणाम होतो, हे एका उदाहरणाने पाहू. लोहाच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय घ्या. हिमोग्लोबिनचे कार्य शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आतड्यात लोह कसे शोषले जाते ते जीवरसायनशास्त्र, काचपट्टीवर फिक्या लहान तांबड्या पेशी विकृतिशास्त्र, लोहाच्या गोळ्या औषधशास्त्र शिकवते. आहार, जंत आणि लागोपाठची बाळंतपणे सामाजिक वैद्यकशास्त्राकडे येतात, आणि समोरची थकलेली बाई वॉर्डात भेटते. हे सारे तुकडे वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या विभागांकडून मिळतात. ते जोडण्याची जबाबदारी कोणाची? प्रत्येक विभाग आपापल्या संशोधनाच्या विषयाभोवती उभा असेल, तर अभ्यासक्रम समितीची बैठक तासांच्या वाटणीचे भांडण होते. जोडणी विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडली जाते.

दंतवैद्यकाची कथाही समांतर आहे. कार्नेगी प्रतिष्ठानाचाच अहवाल, १९२६ सालचा. लेखक विल्यम गीस हे जीवरसायनशास्त्रज्ञ, म्हणजे पुन्हा व्यवसायाबाहेरचे. दंतशिक्षण विद्यापीठात आणावे, त्याला वैद्यकाच्या बरोबरीचा दर्जा द्यावा आणि संशोधन वाढवावे, असे त्यांनी सांगितले. दर्जा वाढला. पण शिकवण्यासाठी शिक्षकाचा वेळ राखून कसा ठेवायचा, हा प्रश्न तेथेही उरला.

आपल्याकडे ऑगस्ट २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. सुरुवातीला पायाभूत पाठ्यक्रम, पहिल्या वर्षापासून रुग्णांशी ओळख, वृत्ती व संवाद यांचे शिक्षण, विषयांची परस्परांशी जोडणी, असे बरेच काही त्यात आहे. कागदावर तो फ्लेक्सनर यांच्या मांडणीच्या पुष्कळ पुढे आहे. २०२२ च्या नियमांनी सहयोगी प्राध्यापकपदासाठी शोधनिबंधांबरोबर अध्यापनाचा मूलभूत पाठ्यक्रमही मागितला, हेही स्वागतार्ह. पण तो काही दिवसांचा पाठ्यक्रम आहे. वरील रक्तक्षयाचे सहा तुकडे जोडायला सहा विभागांच्या शिक्षकांनी वर्षभर एकत्र बसावे लागते. त्या बसण्याची नोंद कोणत्या रकान्यात होते?

हे अशक्य आहे असे मात्र नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) नवे विद्यार्थी आधी आश्रमातील शिबिरात राहतात, पुढे दत्तक घेतलेल्या गावी मुक्काम करतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात आणि शिक्षकही सोबत असतात. तेथे रक्तक्षय हा सहा विषयांचा धडा राहत नाही, ओळखीच्या घरातली बाई होते. ही शिबिरे टिकली, कारण शिक्षकाने गावात घालवलेला दिवस तेथे कामाचाच दिवस धरला जातो.

१९२५ सालच्या आपल्या पुढील ग्रंथात फ्लेक्सनर यांनीच वैज्ञानिक वैद्यक संस्कृती आणि तत्त्वचिंतन यांत उणे पडत असल्याची खंत व्यक्त केली. परीक्षांवाचून शाळा चालवणाऱ्या मास्तराला हे उमगावे, यात नवल नाही. नवल एवढेच, की त्यांच्या पाच प्रश्नांत सहावा राहून गेला : शिक्षकाच्या आठवड्यातले किती तास विद्यार्थ्यासाठी व अभ्यासक्रमासाठी राखलेले आहेत, आणि ते कोण मोजतो?

शाळेत नवा अभ्यासक्रम, नवे पाठ्यपुस्तक, नवे मूल्यमापन येते तेव्हा आपल्याकडेही पहिले पाच प्रश्न विचारले जातात. पुढच्या प्रशिक्षणात सहावाही विचारून पाहावा. उत्तर काय मिळाले, ते वाचकांनी आम्हांस जरूर कळवावे.