चिक चॉकलेट यांचे चरित्र : संदिग्ध तपशील आणि श्रेयाचा प्रश्न

प्रस्तावना :
चित्रपटसंगीताविषयीचे मराठी लेखन प्रामुख्याने संगीतकार, गीतकार व गायक यांच्याभोवती फिरते. वादक आणि वाद्यवृंदप्रमुख यांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. स्विंग संगीताच्या काळातील ट्रम्पेटवादक व वाद्यवृंदप्रमुख चिक चॉकलेट (१९१६-१९६७) हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या चरित्रातील संदिग्धता हा केवळ माहितीच्या अभावाचा परिणाम आहे की आपल्या नोंदपद्धतीचा, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

नाव आणि नोंद :
चिक चॉकलेट यांचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म गोव्यातील हळदोणे या गावचा. 'छोटा' या अर्थाने आई मारत असलेल्या 'चिको' या हाकेवरून 'चिक' हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. पुढे 'भारताचे लुई आर्मस्ट्राँग' ही बिरुदावली त्यांना चिकटली. परिणामी एकाच व्यक्तीची कागदोपत्री, घरगुती आणि व्यावसायिक अशी तीन रूपे निर्माण झाली. शिवाय १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, तर त्यांची कारकीर्द घडली ती मुंबईत. जन्माची नोंद एका राजवटीत व एका भाषेत, कर्तृत्वाची नोंद दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे.

अशी संदिग्धता थोरांच्या चरित्रातही आढळते. खुद्द आर्मस्ट्राँग आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत असत. त्यांच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लिन्स येथील चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ ही तारीख आढळली. यावरून दस्तऐवज, आठवण आणि जाहिरात ही तीन साधने समान विश्वासार्हतेची मानता येत नाहीत, हे स्पष्ट होते. मात्र आठवण त्याज्यही ठरत नाही. कलावंताने स्वतःची प्रतिमा कशी घडविली, हे तीच सांगते.

श्रेयाचा प्रश्न :
गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकाराने रचलेली चाल लिपिबद्ध करणे, तिला स्वरसंवादाची जोड देणे आणि वाद्यमेळ रचणे ही कामे त्यांच्याकडे असत. श्रेयनामावलीत मात्र बहुधा संगीतकाराचेच नाव झळके. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांचे साहाय्यक म्हणून काम केले. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. 'नादान' (१९५१) व 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. तरीही सी. रामचंद्र यांच्या संगीतातील पाश्चात्त्य ढंगाची चर्चा करताना एकट्या संगीतकाराच्या प्रतिभेकडेच बोट दाखविले जाते. सी. रामचंद्र यांचे श्रेष्ठत्व वादातीत आहे. परंतु सहनिर्मितीची कबुली दिल्याने ते उणावत नाही. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या इंग्रजी ग्रंथाने मुंबईच्या जॅझपरंपरेचा इतिहास विस्ताराने मांडला. मराठी समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेणे अगत्याचे आहे.

झाडीपट्टीच्या संदर्भात :
हा प्रश्न केवळ मुंबई-गोव्यापुरता मर्यादित नाही. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत दिवाळीनंतर सुरू होणारी झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या 'पद्मश्री'मुळे या रंगभूमीच्या अभिनेत्यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. परंतु रंगमंचासमोर बसून रात्रभर साथ करणारे ऑर्गनवादक व तबलावादक यांचे चरित्र कोणी लिहावे? त्यांची नावे जाहिरातपत्रके, नाट्यमंडळांच्या हिशेबवह्या आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांतच शोधावी लागतील. पत्रके हंगाम संपताच रद्दीत जातात आणि आठवणी माणसाबरोबर संपतात.

समारोप :
चिक चॉकलेट यांच्या बाबतीत निदान चित्रफीत, ध्वनिमुद्रिका आणि श्रेयनामावली ही साधने शिल्लक आहेत. झाडीपट्टीतील वादकांजवळ तेवढाही आधार नाही. चरित्रातील अनिश्चितता ही बहुतांशी 'कोणाची नोंद करावी' या सामाजिक निवडीतून जन्मते. म्हणूनच स्थानिक महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी वयोवृद्ध वादकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे आणि नाट्यपत्रके जतन करणे ही कामे एकत्रितपणे हाती घेणे आवश्यक आहे. संशोधनासाठी एवढे जवळचे आणि एवढ्या वेगाने नाहीसे होणारे क्षेत्र या भागात दुसरे क्वचितच सापडेल.